सहा लाख चाळीस हजारांचा प्रश्न आणि महाडचे उत्तर

३० ऑक्टोबर २०२० च्या रात्री 'कौन बनेगा करोडपती'च्या 'कर्मवीर' विशेष भागात सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन हॉट सीटवर बसले होते. सोबत अभिनेते अनुप सोनी. सहा लाख चाळीस हजार रुपयांसाठी अमिताभ बच्चन यांनी प्रश्न विचारला, की २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या धर्मग्रंथाच्या प्रती जाळल्या होत्या. पर्याय चार होते: विष्णुपुराण, भगवद्गीता, ऋग्वेद आणि मनुस्मृती.

आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोराला झोपेतून उठवून हा प्रश्न विचारला तरी तो उत्तर देईल. त्याला ना प्रेक्षकांचा कौल लागेल, ना मित्राला फोन. पण याच देशात अशी असंख्य घरे आहेत, जिथे ही तारीख त्या रात्री पहिल्यांदा ऐकली गेली असेल. पुढच्या काही दिवसांत गदारोळ उठला. लातूर जिल्ह्यातील औशाचे भाजप आमदार अभिमन्यू पवार यांनी पोलिसांकडे तक्रार केली. चारही पर्याय हिंदू धर्मग्रंथांचेच का दिले, यातून हिंदूंच्या भावना दुखावल्या आणि हिंदू व बौद्ध समाजांत तेढ निर्माण होते, असा त्या तक्रारीचा रोख होता. समाजमाध्यमांवर कार्यक्रमावर बहिष्कार घालण्याची हाकाटी सुरू झाली.

आपल्यापैकी बहुतेकांनी त्या वेळी दोन गोष्टी केल्या. प्रश्नाची चित्रफीत अभिमानाने एकमेकांना पाठवली आणि तक्रार करणाऱ्यांना मनुवादी म्हणून दोन शब्द सुनावले. दोन्ही योग्यच होते. पण तेवढ्यावर आपण थांबलो, ही आमची तक्रार आहे. एका सत्य घटनेवर विचारलेल्या प्रश्नाने इतका संताप का झाला, आणि त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आपल्याला तरी ठाऊक आहे काय, हे आपण स्वतःला विचारले नाही. ते आज विचारू.

आधी हे पाहू, की 'सामान्य ज्ञान' नावाची ही गोष्ट आपल्या देशात कोणाच्या हातात होती. भारतात प्रश्नमंजूषेचा रीतसर खेळ कलकत्त्यात सुरू झाला. १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी तिथे पहिली खुली स्पर्धा घेतली. हा खेळ इंग्रजी शाळा-कॉलेजांत, क्लबांत वाढला. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' दूरदर्शनवर आला, तोही इंग्रजीत आणि कॉलेजच्या संघांसाठी. ज्याच्या घरात विश्वकोश, इंग्रजी वर्तमानपत्र आणि बापाच्या दोन पिढ्या शिकलेल्या, त्याचेच ज्ञान 'सामान्य' ठरत होते. बाकीच्यांना जे माहीत होते, म्हणजे कोणत्या महिन्यात कोणती भाजी रानात मिळते, चामडे कसे कमावतात, गावचा शिवार कुठून कुठे आहे, ते ज्ञान या यादीत कधी आलेच नाही.

३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला. मूळ कार्यक्रम इंग्लंडचा, तिथे तो १९९८ मध्ये सुरू झाला होता. पण इथे तो हिंदीत आला आणि टेलिफोनवरून कोणीही नशीब आजमावू शकेल असा आला. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या तरुणाने पहिले एक कोटी जिंकले. त्यांना विचारलेला शेवटचा प्रश्न संविधानावर होता. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा संविधान यांपैकी कोणाला देते, असा तो प्रश्न, आणि महान्यायवादी हे त्याचे उत्तर. अनुच्छेद ८८ मध्ये ही तरतूद आहे. म्हणजे या देशात दूरचित्रवाणीवरचे पहिले कोटी रुपये ज्या ज्ञानासाठी मिळाले, ते ज्ञान बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या ग्रंथातले होते. हे तेव्हा किती जणांच्या लक्षात आले?

पुढे हा मंच आणखी खाली उतरला. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्याच वर्षी मराठीतल्या 'कोण होणार करोडपती'मध्ये प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत नागराज मंजुळे बसले. 'फँड्री'मध्ये जब्याच्या हातात दगड देणारा दिग्दर्शक आता महाराष्ट्राला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारत होता. आम्ही या गोष्टींना कमी लेखत नाही. प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर देण्याच्या जागी कोण बसतो, यालाही इतिहास असतो.

तो इतिहास दूरचित्रवाणीपेक्षा पुष्कळ जुना आहे. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांच्या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा घेतली जाई. ती पाहायला लोकांची गर्दी जमे. मुलगी प्रश्नाचे उत्तर देते, हेच तेव्हा नवल होते. त्या शाळांपैकी एकीत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे देण्यावर ती थांबली नाही. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा उलटा प्रश्न तिने विचारला. आपल्या परंपरेत प्रश्नमंजूषा अशी सुरू होते. उत्तर देणारा एक दिवस प्रश्न विचारू लागतो.

आता मनुस्मृतीकडे येऊ. त्या रात्री टीव्हीच्या पडद्यावर फक्त ग्रंथाचे नाव आले. त्यात काय आहे, ते आले नाही. चौथ्या अध्यायातील ८० वा श्लोक सांगतो, की शूद्राला सल्ला देऊ नये, त्याला धर्म शिकवू नये. दहाव्या अध्यायातील १२९ वा श्लोक सांगतो, की शूद्र समर्थ असला तरी त्याने धनसंचय करू नये, कारण शूद्राजवळ धन आले की तो ब्राह्मणांना त्रास देतो. हे दोन श्लोक शेजारी ठेवून त्या कार्यक्रमाकडे पाहा. ज्ञान दाखवायचे आणि त्या बदल्यात धन घ्यायचे, एवढाच तर तो खेळ आहे. कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत, हाताने मैला साफ करणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेला माणूस त्या खुर्चीत बसतो, उत्तर देतो आणि पैसे जिंकतो. मनूने बंद केलेली दोन्ही दारे एकाच वेळी उघडली जातात. आणि उत्तर कोणते, तर मनुस्मृतीच. भावना नेमक्या कुठे दुखावल्या, हे शोधायला फार लांब जायला नको.

इथे आमच्या तरुण मित्रांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापवलेले शिसे ओतावे, हे वाक्य आपण भाषणांत सर्रास मनुस्मृतीच्या नावावर खपवतो. ते विधान गौतम धर्मसूत्रातले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तापवलेले तेल आहे, आणि ते ब्राह्मणांना धर्मोपदेश करण्याचा उद्दामपणा करणाऱ्या शूद्राच्या तोंडात व कानात ओतायला सांगितले आहे. फरक लहान वाटेल, पण विरोधक त्याच फरकावर आपली सगळी मांडणी खोटी ठरवतात. बाबासाहेबांनी हा ग्रंथ आधी वाचला आणि मग जाळण्याला संमती दिली. आपण न वाचता त्याचा निषेध करत असू, तर आपण त्यांच्या वाटेवर अर्धेच चाललो.

पर्यायांविषयीच्या आक्षेपाचेही उत्तर देऊ. चार पर्यायांच्या प्रश्नात चुकीचे पर्याय बरोबर उत्तराच्या जवळचे असावे लागतात, हे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. नदीचे नाव विचारताना पर्यायांत डोंगर देत नाहीत. जाळलेला ग्रंथ हिंदू धर्मशास्त्राचा होता, म्हणून पर्याय त्याच कपाटातले आले. आता त्या कपाटाचे नाव उच्चारले की अपमान होतो असे वाटत असेल, तर वाद प्रश्नकर्त्याशी नाही, १९२७ सालाशी आहे. आणि घडलेल्या वर्षावर पोलिसांत तक्रार नोंदवता येत नाही.

मग त्या वर्षी काय घडले? मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने ऑगस्ट १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण मान्य झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीतले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा पसरवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचे पाणी काढून, एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

ही परिषद महाडला भरावी म्हणून ज्यांनी धडपड केली, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांची गोष्ट या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. लहान वयात शिष्यवृत्तीच्या परीक्षेत यश मिळवूनही त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्यांनी वर्तमानपत्रातून दाद मागितली तेव्हा दार उघडले, पण बसायला जागा मिळाली ती वर्गाबाहेर. परीक्षेत उत्तर बरोबर होते, तरी खुर्ची मिळाली नाही. २००८ च्या 'स्लमडॉग मिलिऑनेअर' या चित्रपटात झोपडपट्टीतल्या पोराला सगळी उत्तरे येतात, म्हणून त्याला चौकीत नेऊन मारतात. पाहणाऱ्यांना ती कल्पना वाटली असेल. आपल्या समाजात गुणवत्ता यादीत नाव आल्यावर 'कोट्यातून आला असेल' हे ऐकलेल्या प्रत्येकाला ती जुनी ओळखीची गोष्ट वाटली. तुला हे येतेच कसे, हा प्रश्न आपल्याला चारही पर्यायांच्या आधी विचारला जातो.

डिसेंबरात पुन्हा महाड ठरले. सवर्णांनी कोर्टात जाऊन १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बसमालक साथ देईनात, म्हणून बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून लोक पायी महाडला गेले. परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपण इतरांसारखीच माणसे आहोत हे सिद्ध करायला तिथे जायचे आहे, ही त्यांची भूमिका होती. परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध समतेचा जाहीरनामा मंजूर केला. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले. रात्री खास खणलेल्या खड्ड्यात ग्रंथाला अग्नी देण्यात आला. तळ्याचा सत्याग्रह मात्र कोर्टाचा मान राखून पुढे ढकलला गेला. कोर्टातली ही लढाई मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल दिल्यावर संपली. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

आता हा तपशील त्या तक्रारीशेजारी ठेवा. तेढ निर्माण होते म्हणणाऱ्यांना सांगा, की तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे होते आणि त्यासाठी जमीन देणारे फत्तेखान होते. हे दहन कोणत्या समाजाविरुद्ध नव्हते, जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध होते. परदेशी कापडाची होळी करणाऱ्यांना देशभक्त म्हणता, तर विषमतेच्या प्रतीकाची होळी करणाऱ्यांना दोष कसा देता, असा युक्तिवाद बाबासाहेबांनी नंतर 'बहिष्कृत भारत'मधून केला होता. त्याला आजही कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

पण पडद्यावरच्या प्रश्नाला यातले काहीच लागत नाही. त्याला नाव पुरते, मग संगणक रक्कम दाखवतो आणि पुढचा प्रश्न येतो. प्रश्नमंजूषा 'कोणता', 'कोण', 'केव्हा' एवढेच विचारते. 'का' आणि 'पुढे काय' हे तिच्या चौकटीत बसत नाहीत. हा त्या खेळाचा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे. दोष तेव्हा होतो, जेव्हा आपणही आपला इतिहास त्याच चौकटीत कोंबतो. आमच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचणाऱ्या मुलामुलींना महाडची तारीख, गोलमेज परिषदांची वर्षे, पुणे करार कधी झाला हे तोंडपाठ असते. 'मनुस्मृती कोणी जाळली' याला एक गुण मिळतो. 'ती आज कुठे कुठे जिवंत आहे' याला गुण नाहीत, म्हणून तो प्रश्न वहीत येत नाही.

बेझवाडा विल्सन यांचे आयुष्य याच दुसऱ्या प्रश्नावर खर्च झाले आहे. त्यांच्या संघटनेने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २७ मार्च २०१४ च्या निकालात न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. आदेश झाले, पण ते दहा लाख मिळवायला विधवांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. टीव्हीवरच्या बरोबर उत्तराचे पैसे त्याच क्षणी जाहीर होतात. गटारातल्या मरणाचे पैसे मिळायला आधी तो मेला आणि गटारातच मेला, हे सिद्ध करावे लागते.

आणि सिद्ध झाले तरी शब्द आडवा येतो. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्रश्न विचारला गेला. त्यावर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांचे उत्तर होते, की हाताने मैला वाहण्याच्या कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना झालेले मृत्यू सरकार 'धोकादायक सफाई' या वेगळ्या रकान्यात मोजते, म्हणून हे उत्तर कागदावर बसते. आपल्याच चळवळीतून वर गेलेल्या मंत्र्याच्या तोंडून ते यावे, याचे दुःख वेगळे. पण पर्याय कसे मांडायचे यावर बरोबर उत्तर कसे फिरवता येते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. चार ग्रंथांच्या पर्यायांवर ज्यांच्या भावना दुखावल्या, त्यांच्यापैकी कोणी या रकान्यांवर तक्रार नोंदवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मित्रांनो, अशा कार्यक्रमांत जाऊ नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जा. नोंदणी करा, अभ्यास करा, जिंका. मनूने ज्यांना धन नाकारले, त्यांच्या लेकरांनी ज्ञानाच्या बळावर धन मिळवले तर त्यात लाज कसली? मराठी माध्यमात शिकलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी त्या खुर्चीत बसून महाडचे उत्तर न अडखळता देते, तेव्हा तिच्याकडे पाहणाऱ्या दहा मुलींचा पाठीचा कणा ताठ होतो. पण एक माणूस त्या खुर्चीत बसला म्हणजे समाज बसला, या भ्रमात राहू नका. लाखोंतून एकाला बोलावणारा खेळ आरक्षणाची, शिष्यवृत्तीची आणि गावच्या शाळेची जागा घेऊ शकत नाही. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना हीच गोष्ट मांडली होती, की रयतेच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या जातींना होतो. नशिबाने एकाला कोटी मिळण्यापेक्षा हक्काने सगळ्यांना शाळा मिळणे, ही आपली मागणी तेव्हाही होती आणि आजही आहे.

म्हणून आमचा एक साधा प्रस्ताव आहे. येत्या २५ डिसेंबरला प्रत्येक बुद्धविहारात आणि अभ्यासिकेत आपण आपली प्रश्नमंजूषा घ्यावी. त्यात पर्याय देऊ नयेत. ठराव कोणी मांडला, जागा कोणी दिली, बोट का घ्यावी लागली, जाहीरनाम्यात काय होते, तळ्याचा सत्याग्रह का थांबवला, निकाल कधी लागला, हे विचारावे. उत्तर देणाऱ्याला एक मिनिट अधिक द्यावे आणि म्हणावे, की आता 'का' ते सांग. शेवटचा प्रश्न कागदावर लिहून आणू नये. तो आपल्या गावातून घ्यावा: आपल्या गावची गटारे कोण साफ करतो, त्याला हातमोजे आणि मुखवटा कोणी दिला, त्याचा ठेकेदार कोण, त्याची मुले कोणत्या शाळेत जातात? ज्याला उत्तर येणार नाही, त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन शोधून यावे.

विल्सन आणि सोनी त्या रात्री पंचवीस लाख जिंकून उठले. महाडच्या प्रश्नाचे वाट्याला आलेले उत्तर त्यांनी दिले. उरलेले उत्तर आपल्याला द्यायचे आहे, आणि त्यासाठी कोणतीही लाइफलाइन नाही.

जय भीम.